पॉलीऐवजी ग्वार गम चालेल का? भोसरीतल्या एका छोट्या ईटीपीसाठी (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रासाठी)

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. भोसरी एमआयडीसीत तुमचं पावडर कोटिंगचं युनिट आहे, सेव्हन टँकची प्री-ट्रीटमेंट (रंगाआधी माल सात टाक्यांतून धुऊन तयार करणं) आहे आणि दिवसाला साधारण १० हजार लिटर सांडपाणी निघतं. सध्या चुना, थोडी तुरटी आणि ‘पॉली’, म्हणजे अॅनायनिक पॉलीअॅक्रिलामाइड, वापरता. एक विक्रेता कायटोसानची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, हे एकच टाका, बाकी तिन्ही बंद करा. वर असंही म्हणाला की निघणारा गाळ नैसर्गिक असल्यामुळे बागेत घालता येईल. तुमचे प्रश्न दोन: हे खरं आहे का, आणि नसेल तर नैसर्गिक पॉलिमरचा (लांब साखळीच्या रेणूंचा) तुम्हाला काही उपयोग आहे का?

पहिल्याचं उत्तर नाही. गाळ बागेत घालायचा विचार तर आजच सोडा, त्याबद्दल पुढे लिहिते. दुसऱ्याचं उत्तर हो. पण नैसर्गिक पॉलिमर तुमच्याकडे पॉलीची जागा घेईल, चुन्याची घेणार नाही. या दोन कामांमधला फरक नीट समजला की पुढे कुठल्याही विक्रेत्याला काय विचारायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

तुमच्या पाण्यात मुख्यतः काय आहे? फॉस्फेटिंगमधून (रंग नीट धरावा म्हणून दिलेल्या थरातून) आलेलं जस्त आणि फॉस्फेट, डीग्रीसिंगमधून (तेल काढण्यातून) आलेलं तेल आणि साबणासारखी द्रव्यं, डीरस्टिंगमधून (गंज काढण्यातून) आलेलं आम्ल आणि लोह. यातलं जस्त आणि फॉस्फेट विरघळलेलं आहे. विरघळलेली वस्तू कुठलाही पॉलिमर खाली बसवत नाही. आधी तिचा घन कण व्हावा लागतो आणि ते काम चुना करतो. पीएच ९ ते ९.५ पर्यंत नेला की जस्ताचं हायड्रॉक्साइड होऊन ते बाहेर पडतं, आणि चुन्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटची गाठ बसते. पीएच ११ च्या वर गेला तर जस्त पुन्हा विरघळायला लागतं, म्हणून ‘थोडा जास्त चुना टाकला तर काय बिघडतं’ हे इथे चालत नाही. हे कण तयार झाले तरी इतके बारीक असतात की तासभर थांबूनही पाणी दुधी राहतं. त्यांना एकत्र बांधून मोठा फ्लॉक, म्हणजे पुंजका, करणं एवढंच पॉलीचं काम. तुमच्याकडे बदलण्यासारखं आहे ते हे शेवटचं काम.

आता कायटोसान. कोळंबी-खेकड्यांची टरफलं आधी आम्लात टाकून त्यातला चुनखडीचा भाग काढतात, मग कॉस्टिकमध्ये प्रथिनं काढतात. उरतं ते कायटिन. ते तीव्र कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटोसान मिळतं. चांगली वस्तू आहे, मी स्वतः वापरली आहे. नैसर्गिक पॉलिसॅकराइडांमध्ये (साखरेच्या कड्यांच्या लांब साखळ्यांमध्ये) ही जरा वेगळी, कारण हिच्या साखळीवर अमाइन गट असतात आणि आम्लधर्मी पाण्यात त्यांच्यावर धन प्रभार येतो. मातीचे कण, तेलाचे थेंब, दुधातली प्रथिनं, शेवाळ हे सगळे बहुधा ऋण प्रभाराचे असल्यामुळे कायटोसान त्यांना चटकन धरतं. पण पीएच ६.५ च्या आसपास पोचलात की यातला निम्माअधिक प्रभार गेलेला असतो, आणि ७ च्या पुढे ते विरघळलेलंसुद्धा राहत नाही. तुमचं जस्त बसतं ९ च्या वर. म्हणजे ज्या पीएचला तुम्हाला त्याची गरज, तिथे त्याच्यात जीवच उरत नाही.

विक्रेता म्हणेल की कायटोसान धातू शोषून घेतं. घेतं, ते खोटं नाही. पण हिशेब करून पाहा. तुमच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम जस्त आहे असं धरू, आणि १ ग्रॅम कायटोसान १०० मिलिग्रॅम जस्त धरतं असं अगदी सढळ हाताने मानू. तरी लिटरला अर्धा ग्रॅम लागेल. १० हजार लिटरला ५ किलो, तेही रोज. चुना हेच काम कितीतरी स्वस्तात करतो. शिवाय फॉस्फेट राहिलंच.

मग तुमच्यासाठी काय? ग्वार गम.

माझं आजोळ दौंड तालुक्यातलं. आजोबांच्या गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत तापायला लागला की त्यात भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी सोडत. थोड्या वेळात काळपट मळी वर जमायची, ती झाऱ्याने काढून टाकली की खाली रस स्वच्छ. लहानपणी ती मळी पाहण्यासाठी मी काहिलीजवळ उभी राहायची आणि ओरडा खायची. पुढे कित्येक वर्षांनी पहिल्यांदा जार टेस्ट (बीकरमध्ये डोस ठरवायची चाचणी) करताना बीकरमध्ये फ्लॉक धरताना पाहिला आणि पहिली आठवण आली ती काहिलीची. भेंडीच्या बुळबुळीत पाण्यात लांब साखळ्यांचं पॉलिसॅकराइड असतं. एकाच साखळीला अनेक कण जागोजागी चिकटतात आणि साखळी त्यांच्यामध्ये पूल होते. ईटीपीत पॉली हेच करते. आपल्याकडची निवळीची बी, जिला संस्कृतात कतक म्हणतात, पाण्याच्या मडक्याच्या आतून उगाळायचे, तिच्यातही गॅलॅक्टोमॅनन नावाचं पॉलिसॅकराइड आहे. शेवग्याच्या बियांचं नाव यात अनेकजण घेतात, पण शेवगा काम करतो तो त्यातल्या धन प्रभाराच्या प्रथिनामुळे. त्याचा मार्ग निराळा, म्हणून त्याला इथे बाजूला ठेवते.

ग्वार गम म्हणजे गवारीच्या बीमधला तोच गॅलॅक्टोमॅनन. मॅनोजची सरळ साखळी, आणि साधारण दर दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज बाजूला लटकलेला. हिच्यावर प्रभार नाही. तुमच्यासाठी हाच गुण महत्त्वाचा, कारण पीएच ६ असो की ९.५, तिच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. धातूंच्या हायड्रॉक्साइडवर ती हायड्रोजन बंधाने चिकटते. जगातला बहुतांश ग्वार भारतात, त्यातही राजस्थानात पिकतो, त्यामुळे माल मिळायला अडचण नाही. खाण्याच्या दर्जाची गरज नाही, औद्योगिक दर्जाची चालते. पण दर पोत्याला चिकटपणा तपासून घ्या, तो फार बदलतो.

एक मर्यादा आधीच सांगते. पॉलीच्या साखळ्या ग्वारपेक्षा कितीतरी लांब असतात, म्हणून तोच फ्लॉक मिळवायला ग्वार जास्त लागते. माझ्या अनुभवात पॉलीच्या दोन ते चार पट. पॉली लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम जात असेल तर ग्वारला ५ ते १० मिलिग्रॅमच्या टप्प्यात चाचणी करा. उलट बाजूने, ग्वारची साखळी ताठर असल्यामुळे पंपाच्या घुसळणीत ती पॉलीइतकी तुटत नाही. तुमचा फ्लॉक टाकीत छान दिसतो आणि ट्यूब सेटलरला (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीला) पोचेपर्यंत फुटतो असं असेल, तर हा फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

पैशांसाठी हा बदल करू नका. २.५ मिलिग्रॅमने १० हजार लिटरला पॉली लागते रोज २५ ग्रॅम. एक किलो ४० दिवस पुरते. त्यात वाचवून वाचवणार काय? माझ्या मते बदल करायचा तो दोन कारणांसाठी. एक म्हणजे पॉलीअॅक्रिलामाइडमध्ये थोडा न जुळलेला अॅक्रिलामाइड राहतो. तो मज्जासंस्थेला घातक आहे, आणि १९९४ पासून ‘माणसात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला अवघी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. चांगल्या प्रतीच्या पॉलीत हा अंश फार कमी असतो, पण खुल्या बाजारातून सुट्या पिशवीत येणाऱ्या पॉलीची प्रत कोण तपासतं? आणि ती पावडर तुमचा ऑपरेटर रोज मास्क न लावता ओततो. दुसरं कारण नदीचं. भोसरीचे नाले एका अंगाने पवनेकडे आणि दुसऱ्या अंगाने इंद्रायणीकडे उतरतात. जास्तीची पॉली पाण्याबरोबर गेली की ती लवकर मोडत नाही, ग्वार काही दिवसांत जिवाणू खाऊन टाकतात. आळंदीला फेसाने भरलेली इंद्रायणी पाहिली की मला त्यात आपल्या प्रत्येकाच्या टाकीचा वाटा दिसतो, आणि जेवढा कमी करता येईल तेवढा करावासा वाटतो.

‘ग्वार म्हणजे अन्नच, मग सीओडी वाढणार नाही का?’ हेही तुमच्या मनात येईल. (सीओडी म्हणजे पाण्यातली घाण ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन.) असल्या पिष्टमय पदार्थाचा सीओडी वजनाच्या साधारण १.२ पट धरा. ८ मिलिग्रॅम टाकली तर फार तर १० मिलिग्रॅम वाढेल, त्यातही बरीचशी गाळाबरोबर खाली जाते. सीओडीच्या लिटरला २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढे हे किरकोळ आहे. पुढे आरओ असेल तर मात्र सावध राहा. उरलेली ग्वार मेम्ब्रेनवर बसली की तिथे जिवाणूंची साय धरते.

बाकीच्या पर्यायांचं थोडक्यात सांगते. चिंचोक्याची पावडर स्वस्त आहे आणि आपल्या मातीतली आहे. घोंगडी विणणारे सणगर चिंचोक्याचीच खळ लावत आले. पण ती थंड पाण्यात नीट विरघळत नाही, शिजवावी लागते, आणि कच्च्या पावडरीत प्रथिनं व तेल असल्यामुळे दुसऱ्या दिवशी वास मारते. रोज सकाळी खळ शिजवणारा माणूस असेल तर जरूर करून पाहा. सोडियम अल्जिनेट समुद्री शेवाळापासून येतं, कॅल्शियम भेटलं की त्याची जेली होते. तुमच्या पाण्यात चुन्याचं कॅल्शियम भरपूर आहे, म्हणून बीकरमध्ये ते फार देखणं काम करतं. प्लँटमध्ये मात्र डोसिंगच्या तोंडाशीच त्याचे दोरे होतात आणि पुढच्या पाण्याला काही मिळत नाही. इसबगोल आणि मेथीवर प्रयोगशाळांमध्ये भरपूर काम झालंय, पण रोज एकसारखा माल मिळणं कठीण. ‘ग्राफ्टेड ग्वार’ नावानेही एक गोष्ट मिळते. ग्वारच्या कण्यावर पॉलीअॅक्रिलामाइडच्या फांद्या लावलेल्या असतात. खरगपूरच्या आयआयटीत या प्रकारच्या पॉलिमरांवर खूप काम झालं आहे आणि फ्लॉक उत्तम येतो. पण तुम्ही अॅक्रिलामाइड टाळायला निघाला असाल तर ते इथे पुन्हा आलंच, एवढं लक्षात असू द्या.

आता जार टेस्ट. ही चाचणी माझ्या किंवा विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नका. एक-एक लिटरचे सहा बीकर घ्या आणि तुमचं पाणी इक्वलायझेशन टाकीतून (सगळं सांडपाणी एकत्र होतं त्या टाकीतून) घ्या, तेही सोमवारी सकाळचं नको. रविवारी बंद राहिलेल्या टाकीचं पाणी वेगळंच वागतं. सगळ्यांत चुना घालून पीएच ९.२ ते ९.५ करा आणि मीटरने मोजा, कागदी पट्टीने नाही. पहिल्यात काहीच नको, दुसऱ्यात तुमची आजची पॉली, उरलेल्या चारांत ग्वार ३, ५, ८ आणि १२ मिलिग्रॅम. एक मिनिट जोरात ढवळा, मिनिटाला १०० ते १५० फेरे. मग २५ ते ३० फेऱ्यांवर १५ मिनिटं. या हळू ढवळण्यात घाई करू नका. साखळीला कण गाठायला वेळ लागतो, आणि पॉलीपेक्षा ग्वारला तो जास्त लागतो. जे ‘ग्वार चालली नाही’ म्हणतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पाच मिनिटांतच ढवळणं बंद केलेलं असतं. मग अर्धा तास निवळू द्या.

वरचं पाणी किती नितळ झालं एवढंच पाहून थांबू नका. तळाचा गाळ किती उंचीचा आहे ते पट्टीने मोजा. मग तो गाळ फिल्टर प्रेसच्या (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राच्या) कापडाच्या तुकड्यावर ओता, किती वेळात किती पाणी खाली येतं ते पाहा, आणि केक, म्हणजे कापडावर उरलेला गाळ, बोटाने उचलून पाहा. सुटून येतो की कापडाला लपेटतो? माझा शेवटचा निर्णय नेहमी इथे होतो. समजा तुमचा कोरडा गाळ रोज १० किलो आहे. केकमध्ये ८० टक्के पाणी राहिलं तर तुम्ही ५० किलो उचलता, ७० टक्के राहिलं तर ३३ किलो. रोजचा १७ किलोंचा फरक, आणि घातक कचऱ्याचे पैसे किलोवर लागतात. पॉलिमरच्या किमतीतला फरक याच्यापुढे काहीच नाही. ग्वार पाणी धरून ठेवणारी आहे, म्हणून गरजेपेक्षा जास्त टाकलीत तर केक ओलाच राहील. बीकरमध्ये सगळ्यात नितळ पाणी देणारा डोस आणि सगळ्यात कोरडा केक देणारा डोस अनेकदा वेगळे निघतात. वरचं पाणी मर्यादेत असेल तर मी केकच्या बाजूने कौल देते.

द्रावण करताना पिठल्याचं बेसन आठवा. एकदम ओतलं की गुठळ्या, आणि गुठळीच्या आतली पावडर शेवटपर्यंत कोरडी. १०० लिटर पाण्याला २५० ग्रॅम पुरे. स्टिरर चालू ठेवून पाण्यात भोवरा होऊ द्या आणि चाळणीने थोडी थोडी भुरभुरवा. मग दोन तास फुगू द्या. पाणी साधं नळाचं घ्या, रिन्सचं (माल धुतलेलं) परत वापरलेलं घेऊ नका. एका कारखान्यात पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने ऑपरेटरने डीग्रीसिंगनंतरच्या रिन्सचं पाणी घेतलं. त्या डीग्रीसरमध्ये बोरॅक्स होता. अल्कधर्मी पाण्यात बोरेट आणि ग्वार भेटले की जेली होते. डोसिंग पंपाची नळी कापून काढावी लागली. तुमच्या डीग्रीसरच्या माहितीपत्रकात बोरॅक्स आहे का ते आधी बघा.

आणि रोजचं द्रावण रोज करा. पुण्याच्या मे महिन्यात ते दोन दिवससुद्धा टिकत नाही. माझ्याच देखरेखीखालच्या एका प्लँटवर शनिवारी केलेलं द्रावण सोमवारी वापरलं गेलं. बघायला टाकी भरलेली, पण हात घातला तर पाण्यासारखं पातळ. जिवाणूंनी साखळ्यांचे तुकडे केले होते. फ्लॉक धरेना म्हणून ऑपरेटरने डोस दुप्पट केला, तरी धरेना, आणि त्या दिवशी दुधी पाणी बाहेर गेलं. मी त्याला द्रावणाची मुदत लिहून दिली नव्हती, चूक माझी होती. तेव्हापासून टाकीवर खडूने तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. १० हजार लिटरला ८ मिलिग्रॅम म्हणजे ८० ग्रॅम, म्हणजे वरच्या द्रावणाचे फक्त ३२ लिटर. तुम्हाला १०० लिटरची टाकी भरायची गरजच नाही.

आता गाळ. फॉस्फेटिंगचा गाळ घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या यादीत आहे, तो त्यातल्या जस्तामुळे आणि बाकी धातूंमुळे. बांधणारी दोरी नैसर्गिक असली तरी बांधलेलं जस्त तेच राहतं. उलट ग्वार मातीत कुजली की जस्त धरून ठेवणारं ते वेटोळंही सुटेल. हा गाळ रांजणगावच्या घातक कचरा केंद्रावरच जायला हवा, पावती ठेवून. ज्या विक्रेत्याने तो कुंडीत घालायला सांगितला, त्याच्याकडून दुसरंही काही घेताना मी दहा वेळा विचार करेन. गाळाचा शेतीला उपयोग होण्याची गोष्ट भाजी प्रक्रिया, स्टार्च, डेअरी अशा ठिकाणी विचारात घेता येते, जिथे पाण्यात मुळातच धातू नाहीत. तिथे नैसर्गिक पॉलिमरला खरा अर्थ येतो.

आणलेली कायटोसानची पिशवी मात्र परत करू नका, तिचं एक काम तुमच्याकडे आहे. डीग्रीसिंगची टाकी तुम्ही अधूनमधून पूर्ण रिकामी करता. ते पाणी एकदम ईटीपीत सोडलं की दोन दिवस काहीच निवळत नाही, कारण त्यातलं तेल दुधासारखं फुटून राहिलेलं असतं आणि त्याचा फेस जस्ताचा फ्लॉकही वर उचलतो. ते पाणी वेगळ्या टाकीत घ्या, डीरस्टिंगच्या वापरलेल्या आम्लाने हळूहळू पीएच ५.५ पर्यंत आणा, आणि १ टक्का अॅसेटिक आम्लात विरघळवलेलं कायटोसान थोडं थोडं सोडा. तेलाचे थेंब आणि साबणाची द्रव्यं बहुधा ऋण प्रभाराची असतात, तिथे त्याचा धन प्रभार नेमका लागू पडतो. तेल वर जमलं की काढून घ्या आणि खालचं पाणी रोजच्या पाण्यात थोडं थोडं मिसळा. डोस इथेही बीकरमध्येच ठरवा. गरजेपेक्षा जास्त पडलं तर थेंबांवर उलटा प्रभार बसून पाणी पुन्हा दुधी होतं. आम्ल मिसळताना हवा खेळती ठेवा आणि चष्मा लावा.

तुमच्या प्रश्नात शेवटच्या पॅसिव्हेशन टाकीचा (फॉस्फेटचा थर पक्का करणाऱ्या टाकीचा) उल्लेख नाही. तिथे क्रोम वापरत असाल तर वर लिहिलेलं काहीही सुरू करण्याआधी त्या टाकीचं आणि तिच्या रिन्सचं पाणी वेगळं काढा. षट्संयोजी (हेक्साव्हॅलेंट) क्रोम चुन्याने बसत नाही, ग्वारने नाही आणि पॉलीनेही नाही. त्याला आधी पीएच २ ते ३ वर सोडियम मेटाबायसल्फाइटने त्रिसंयोजी करावं लागतं, त्यानंतर चुना. बाहेर जाणाऱ्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि ते मिसळलेलं असताना बीकरमधलं नितळ पाणी पाहून तुम्ही पूर्ण फसाल. त्या टाकीच्या आणि रिन्सच्या पाण्याचा रंग हलका पिवळसर दिसतोय का, ते आज रात्रपाळी सुरू होण्याआधी पाहून घ्या.